चार बोटांची झेप

शुक्रवारी चार वाजायच्या आतच क्रीडागृहाची तिन्ही दारं माणसांनी भरून गेली. आत जायला जागा नाही आणि बाहेर थांबायची कुणाची तयारी नाही. बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरी, त्यांचे आईबाप, समोरच्या छापखान्यातले कामगार, गुडघेदुखीने बेजार झालेले दोन निवृत्त कारकून आणि नुसतीच गंमत बघायला आलेली मंडळी, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या होत्या. कोर्टाच्या मधोमध, पांढऱ्या वर्तुळात, लोक ज्यांना झेपगुरू म्हणत ते गृहस्थ उभे होते.

"हा बूट साधा आहे," एक निळा बूट डोक्यावर धरून ते म्हणाले. "स्वस्तातला स्वस्त. कुठल्याही दुकानात मिळेल. मी काही लपवत नाही. पण आतलं अस्तर? ते चाळीस दिवस मौनाच्या खोलीत ठेवलेलं आहे. त्या खोलीत शब्द नाही, पावलाचा आवाज नाही. घड्याळसुद्धा टिकटिक करत नाही."

"घड्याळाचा सेल काढला असेल," तिसऱ्या रांगेतली आत्या पुटपुटली. शेजारच्या बाईने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंड मिटलं.

तोंड मिटलं तरी जीव थाऱ्यावर नव्हता. ती एकदा उभी राही, एकदा बसे, पर्सची चेन उघडे आणि लावे. आत्या वजनमापे खात्यात निरीक्षक होती. बावीस वर्षं तराजू, काटे आणि मापं तपासण्यात गेलेली. कुणी छाती ठोकून "आमचं माप चोख" म्हणालं की तिचे कान आपोआप टवकारत. आज मात्र कान गुरूंकडे आणि नजर पहिल्या रांगेकडे होती.

कारण तिथे तिची भाची बसली होती. सतरा वर्षांची, संघातली सगळ्यात उंच, म्हणून सगळे तिला शिडी म्हणत. सहा महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. नऊ महिने उडी मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि संघाची निवड होती परवा, रविवारी. काल गुरूंनी तिला बोलावून हेच निळे बूट दिले होते आणि सांगितलं होतं, हे घाल आणि बिनधास्त खेळ. तेव्हापासून शिडी हवेत होती आणि तिचा बाप तिच्याही वर.

"दादा, अजून तीन महिने आहेत," आत्या सकाळपासून चौथ्यांदा आपल्या भावाला म्हणाली.

"डॉक्टर सगळ्यांनाच नऊ महिने सांगतात."

"गुडघे सगळ्यांचे सारखेच असतात, म्हणून सांगतात."

"तू जरा गप्प बस बघू. पोरीचं एक वर्ष वाया जाईल."

तिकडे खेळ रंगात आला होता. गुरूंनी छापखान्यातल्या एका धिप्पाड कामगाराला पुढे बोलावलं. त्याला त्याच्या रोजच्या बुटांत एका पायावर उभं केलं, दोन्ही हात बाजूला पसरायला लावले आणि त्याच्या मनगटावर दोन बोटांनी दाबलं. गडी कोलमडला. मग त्याला निळे बूट घातले. या वेळी गुरूंनी दात-ओठ खाऊन दाबल्यासारखं केलं, पण गडी खांबासारखा उभा. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कामगार स्वतःच्या पायांकडे असा बघत राहिला, जणू ते कालपर्यंत दुसऱ्याचे होते.

मग संघाची कर्णधार आली. आपल्या जुन्या बुटांत तिने कोर्टावर एक धाव घेतली आणि वळताना घसरली. नंतर बोटांना खडू लावून उडी मारली आणि भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खूण केली. त्यानंतर तिला निळे बूट देण्यात आले. ते घालून तिला एका ओल्या टॉवेलवर मिनिटभर डोळे मिटून उभं केलं गेलं. "बुटाची आणि जमिनीची ओळख होऊ द्या," असं गुरू हळू आवाजात सांगत होते. पोरगी पुन्हा धावली, वळली, घसरली नाही. उडी मारली तर खडूची खूण आधीपेक्षा चार बोटं वर.

"चार बोटं!" गुरूंनी आपला पंजा लोकांना दाखवला. "आणि आता जिच्यासाठी आपण जमलोय, ते आपलं जखमी पाखरू. ये बाळ. उडी मार."

शिडी उठली. आत्याला पुढचं काही ऐकूच आलं नाही. कुणाच्या पायावर पाय देत, कुणाची पिशवी लवंडत ती कोर्टावर पोचली आणि भाचीच्या पुढे आडवी उभी राहिली.

"आधी मला एक तपासायचंय," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"ताई, श्रद्धा तपासायची नसते," गुरू हसून म्हणाले.

"श्रद्धा राहू दे. मी बूट तपासणार आहे. आमच्या कामात तराजूचा संशय आला की आम्ही पारड्यांची अदलाबदल करतो. इकडचं वजन तिकडे, तिकडचा माल इकडे. दांडी खरी असेल तर उत्तर तेच येतं. तुम्ही सगळ्यांना आधी जुना बूट देता आणि मग निळा. एकदा उलट करून बघू. आधी निळा, मग जुना."

"आत्या, नको ना," शिडी कळवळून म्हणाली. दादा जागेवरून हातवारे करत होता. पण छापखान्याचा कामगार म्हणाला, "होऊन जाऊ दे की. गुरूंना काय भीती?" आता नाही म्हणायची सोय गुरूंना उरली नाही.

एक राखीव खेळाडू पुढे आली. तिने आधी निळे बूट घालून उडी मारली. खूण केली. मग आपले जुने बूट चढवले. आत्याने तिला त्याच ओल्या टॉवेलवर उभं केलं आणि पुन्हा धावून उडी मारायला सांगितलं. खूण वर गेली. चार नाही, साडेतीन बोटं. जुन्या, टाचा झिजलेल्या बुटांत. धावताना ती घसरलीही नाही.

क्रीडागृहात कुजबूज सुरू झाली. गुरूंनी मात्र क्षणभरही दम घेतला नाही. "शक्ती एकदा शरीरात उतरली की लगेच जात नाही," ते म्हणाले. "निळ्या बुटाने दिलं, तेच जुन्या बुटात दिसलं." लोकांनी हुश्श केलं आणि माना डोलावल्या. हे असं काहीतरी येणार, याची आत्याला खात्री होती. काटा चुकला की दुकानदार वाऱ्याला दोष देतो. पण लोकांना इतक्या झटपट पटेल, असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

"ठीक आहे," ती संघाच्या प्रशिक्षकांकडे वळून म्हणाली. "मग झाकून करू. प्रशिक्षक सर, या कामगारदादांच्या मापाचे दोन निळे जोड घ्या आणि सामानाच्या खोलीत जा. एका जोडातलं गुरूंचं अस्तर काढा आणि दुसरं कुठलंही घाला. कुठला जोड कधी दिला ते कागदावर लिहा आणि कागद खिशात ठेवा. गुरूंनाही सांगू नका, मलाही नको."

सहा वेळा बूट बदलले. सहा वेळा गुरूंनी मनगट दाबलं. पहिल्यांदाच त्यांची बोटं बावचळलेली दिसली. कुठे दाबावं ते त्यांना कळेना. कधी कोपराजवळ, कधी मनगटावर, एकदा तर नुसताच हात ठेवला. कामगार तीनदा पडला आणि तीनदा उभा राहिला. मग सरांनी कागद काढून वाचला. मौनाच्या खोलीतलं अस्तर पायात असताना गडी दोनदा पडला होता. साध्या अस्तरावर एकदाच.

कुणी हसलं नाही. लोकांना आपण फसलो हे कळायला वेळ लागत होता. आत्याने दादाला हाक मारली. तो तणतणत आला. तिने त्याला बूट काढायला लावले आणि मोज्यांवरच एका पायावर उभं केलं.

"आता बघा," ती म्हणाली. "मनगटावर, जरा बाहेरच्या बाजूला दाबलं." दादा कलंडला. "पुन्हा उभा राहा. आता कोपराजवळ, त्याच्या अंगाकडे दाबते. हवा तेवढा जोर लावून." दादा हलला नाही. "दादा, तुझ्या पायात काय आहे?"

"मोजे," दादा म्हणाला, आणि आता मात्र सगळं क्रीडागृह हसलं.

"तोलाचं गौडबंगाल एवढंच. उडीचं त्याहून सोपं. पहिली उडी थंड अंगाने मारलेली असते. दुसरीच्या वेळी अंग मोकळं झालेलं असतं आणि नजरेसमोर ओलांडायला एक खूण असते. कुठल्याही बुटात ती वरच जाते. आणि तळाला धूळ असली की पाय घसरतो. ओल्या टॉवेलवर उभं राहिलं की धूळ निघते. जुना बूट पुसायचा नाही आणि नवा तेवढा पुसायचा. यात मौनाची खोली कुठे आली?"

गुरूंनी काढता पाय घेतला. जाताना ते दारातल्या माणसांना "नकारात्मक लहरी" असं काहीतरी समजावत होते, पण वाट मात्र सगळ्यांनी पटकन करून दिली.

"मग हा बूट आहे तरी कसा?" कामगाराने विचारलं. प्रश्न रास्त होता. कर्णधाराने दहा मिनिटं निळे बूट घालून आणि दहा मिनिटं जुने घालून, दोन्ही तळ सारखेच पुसून, धावून-वळून पाहिलं. "वाईट नाही," ती धापा टाकत म्हणाली. "पुसला की पकड चांगली आहे. पण टाच कडक आहे, उडी मारून खाली आलं की हादरा थेट वर जातो. आणि झटकन वळलं की पाय आत सरकतो. सरावाला चालेल. गुडघा दुखावलेल्या मुलीने घालू नये."

शिडी एवढा वेळ बाकावर बसून होती. आत्या तिच्याजवळ गेली तेव्हा तिने मान वर केली नाही. पोरगी आपल्यावर चिडली असेल, आयुष्यभर बोलणार नाही, असं आत्याच्या मनात आलं.

"काल त्यांनी मला दोनदा उडी मारायला लावली," शिडी म्हणाली. "दुसऱ्या उडीला गुडघ्यात कळ आली. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या मनात शंका आहे, म्हणून दुखतंय. कालपासून मी शंका घालवायचा प्रयत्न करतेय, आत्या. जात नाहीये."

दादाने ते ऐकलं. मोज्यांवरच उभा होता तो. त्याचा चेहरा पाहवेना. तो खाली बसला आणि पोरीच्या पायातल्या निळ्या बुटांच्या लेस सोडू लागला.

आत्याला संताप आला, आणि त्या संतापातच ती गर्दीकडे वळली. "ऐकलंत?" ती म्हणाली. "गुण आला की तो त्याच्या अस्तराचा, आणि दुखलं की दोष या पोरीचा. असा हिशोब कुणी मांडला की तिथेच थांबा. उलट करून बघू म्हणा, झाकून करून बघू म्हणा. खरी वस्तू याला कधीच नाही म्हणत नाही. विचारायला लाजू नका. एवढं झालं तरी पुष्कळ."

मग ती भाचीशेजारी बसली. "शंका वगैरे काही गुडघ्यात नसते गं. तिथे कळ असते, आणि कळ खरी असते. ती आली की थांबायचं. आता इथूनच डॉक्टरांकडे जाऊ."

"आणि रविवार?"

"रविवारी तू खेळणार नाहीस."

शिडी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "माझ्यात काही कमी नव्हतं ना?"

"नाही," आत्या म्हणाली. "तुला दुखत होतं."