पिंडरांचा कोंडवाडा

मी एक जुना कोंडवाडा आहे, मित्रांनो. यॉर्कशायरातल्या थॉर्नबेक गावाच्या वेशीवर माझी गोल दगडी भिंत अजून कशीबशी उभी आहे. आत नुसती खाजरी झुडपं माजली आहेत. तरी एका गोष्टीचा मला अभिमान आहे. एका घराण्याचं आडनाव माझ्यामुळे पडलं.

दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या मेंढ्या, गाई गावाचा माणूस माझ्याकडे आणून कोंडायचा. कोंडणाऱ्याला आमच्याकडे पिंडर म्हणत. बापाचं काम मुलाकडे येत गेलं आणि पिंडर हेच आडनाव झालं. जनावराला चारापाणीही तोच घाली. सोडवायची रीत मात्र एकच. मालकानं स्वतः दाराशी यायचं, चारचौघांत पूर्ण नाव सांगायचं आणि 'हे माझं' म्हणायचं.

शेवटचा पिंडर एझ्रा. मनानं चांगला, पण नियमाला दगडासारखा. एकदा त्याच्याच मुलाचं, सायलसचं तट्टू पाद्रीबाबांच्या शेतात शिरलं. एझ्रानं ते आणून कोंडलं.

"बाबा, उघडा ना दार. उशीर होतोय."

"आधी नाव सांग."

"माझं नाव तुम्हाला माहीत नाही?"

बघे हसले. नेड लोहार ओरडला, "सांग रे सायलस! का बारशालाच विसरलास?"

सायलसचे कान लाल झाले. "ठेवा ते तट्टू तुमच्याकडेच! आणि तुमचं आडनावही तुम्हालाच ठेवा!"

तो गेला तो थेट कॅनडात. तिकडे तो आईच्या माहेरचं आडनाव लावतो, असं वर्षभरानं कळलं. त्या दिवशी एझ्रा जेवला नाही.

तट्टू मात्र माझ्यातच राहिलं. एझ्रा रोज त्याला फिरवून आणी, खरारा करी आणि पुन्हा आत घालून दार लावी. नऊ वर्षं. नेडला हसल्याचा पस्तावा झाला होता. तो म्हणे, "एझ्राकाका, न्या की आता ते घरी."

"मालक यायचाय अजून."

तट्टू एका थंडीत मेलं. पुढच्या थंडीत एझ्रा गेला. गावात पिंडर म्हणून कोणी उरलं नाही आणि माझ्या दाराची फळी कुजून पडली.

बऱ्याच वर्षांनी एक म्हातारा काठी टेकत आला. दार नव्हतंच, सरळ आत येता आलं असतं. पण तो उंबऱ्याबाहेर थांबला. त्यानं टोपी काढली आणि मोठ्यानं म्हणाला, "सायलस पिंडर. हे माझं."

ऐकायला मी एकटाच होतो. तो थोडा वेळ वाट पाहून निघून गेला.

मित्रांनो, माझी भिंत नाही सावरलीत तरी चालेल. पण तुमचं माणूस दाराशी उभं असेल, तर त्याला नाव विचारत बसू नका. दार उघडा.