आमिनाबींचं कोचिंग

वऱ्हाडात एकदा पेरून भागत नव्हतं, त्या सालांतली ही गोष्ट. अकोल्यातल्या एका बियाणे कंपनीचे मॅनेजर चंद्रभान गावंडे अमरावतीच्या हॉटेलात दोन दिवस कोचिंग शिकून आले. कोचिंग म्हणजे पोरांचे क्लास नव्हेत, हे त्यांना पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलं. हाताखालच्या माणसाला हुकूम सोडायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, खेकसायचं तर मुळीच नाही. नुसतं विचारत राहायचं, म्हणजे उत्तर त्याचं त्यालाच सापडतं. गावंड्यांनी चौदा वर्षं याच्या नेमकं उलट केलं होतं आणि कंपनी चाललीच होती. पण परत येताना त्यांच्या खिशात प्रश्नांचं कार्ड होतं, बॅगेत फॉर्म होता, आणि फॉर्मवर नाव पुण्याच्या हेड ऑफिसातूनच लिहून आलेलं होतं: आमिनाबी.

आमिनाबी कंपनीच्या लॅबमध्ये बी तपासत. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, आठव्या दिवशी किती उगवले ते लिहायचं. सत्तर उगवले तर लॉट पास. अकरा वर्षं त्या एवढंच करत होत्या, आणि यंदा सोयाबीनच्या सगळ्यात मोठ्या लॉटपुढे त्यांनी बावन्न लिहिलं होतं. पुण्याच्या वरच्या साहेबांनी गावंड्यांना फोनवर सांगितलं, ‘बाईंचा दृष्टिकोन नकारात्मक आहे. कोचिंग करा. पेरणीच्या आत सुधारल्या नाहीत, तर दुसरं माणूस बघा.’ आमिनाबींचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं, हे गावंड्यांना ठाऊक होतं. त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं तर काय करायचं, ते कार्डावर नव्हतं.

मंगळवारी त्यांनी आमिनाबींना केबिनमध्ये बसवलं, दार लोटलं आणि कार्ड वाचलं. ‘आपलं ध्येय काय आहे?’

आमिनाबींनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ‘माह्यं काही चुकलं का, साहेब?’

‘नाई, नाई. सांगा तुमी. या लॉटचं ध्येय काय?’

‘सत्तर.’

‘आनि वास्तव काय आहे?’

‘बावन्न.’

‘मंग ध्येयाच्या आड काय येऊन राह्यलं?’

‘बी उगवून नाई राह्यलं, साहेब.’

गावंड्यांनी कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. ‘तुमाले पर्याय कोनते दिसतात?’

‘दोन दिसतात. लॉट नापास करा. नाई तर मले काढा, अन् पास करनारी आना.’ आवाज चढवून बोलल्या असत्या तर गावंड्यांना सोपं गेलं असतं. त्या चहात साखर किती ते सांगावं तशा बोलल्या.

शेवटचा प्रश्न उरला होता. ‘माझ्याकडून आपल्याला कोणती मदत हवी आहे?’ मागितलेली मदत मॅनेजरनं आठवड्याच्या आत केलीच पाहिजे, अशी अट अमरावतीला घातली होती. शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक पंखा, खुर्ची असलं काही असावं.

आमिनाबी उठल्या आणि लॅबमधून त्याच लॉटचे शंभर दाणे पुडीत बांधून घेऊन आल्या. ‘हे घरी न्या. ओल्या गोनपाटात गुंडाळा, रोज पानी मारा. गोनपाटात लवकर कळते, सहाव्या दिवशी तुमच्या हातानं मोजा.’

गावंड्यांचे वडील पेरणीआधी असंच बी पाहत असत. गावंडे टाय लावायला लागल्यापासून त्यांना हे आठवलंही नव्हतं. घरी त्यांनी मोरीच्या कडेला गोणपाट पसरलं, तेव्हा बायको जमुना दारात येऊन उभी राहिली. ‘हे काय काढलं आता?’

‘कोचिंग हाय.’

‘कोनाचं?’

‘आमिनाबीचं.’

‘मंग दाने आपल्या मोरीत कावून?’

यावर गावंड्यांनी पाणी मारलं.

सहाव्या दिवशी दोघांनी गोणपाट उलगडलं. बरेच दाणे फुगून चिकट झाले होते आणि वास मारत होते. गावंड्यांनी मोजले, एकोणपन्नास उगवले होते. जमुनानं मोजले, एकोणपन्नास. तिनं हात धुतले आणि चांदूर रेल्वेला भावाला फोन लावला. ‘जानराव, तुह्या दाजीच्या कंपनीचं बी यंदा उचलू नको. दुसरीकडं पाय.’

‘अवं, रिपोर्ट पक्का व्हायचा हाय अजून,’ गावंडे म्हणाले.

‘हा काय मंग?’ तिनं गोणपाटाकडे बोट केलं. ‘माह्या भावाले फोन झाला. बाकीच्याइले कोन करते?’

गावंड्यांना जेवण गेलं नाही. त्यांना लाज वाटत होती. बावन्न हा आकडा त्यांना केबिनमध्येही माहीत होता आणि तरी एका बाईला तो विसरायला लावण्यासाठी ते कार्ड घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लॉटच्या कागदावर ‘नापास’ लिहून सही केली आणि कागद आमिनाबींपुढे ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला. ‘हे तुमच्यावर शेकन, साहेब.’

‘शेकू द्या.’ तेवढ्यात पुण्याचा फोन वाजला. आमिनाबींची घरी जायची वेळ झाली होती, तरी त्या खुर्चीत बसल्या.

‘काय गावंडे, झालं कोचिंग? वळल्या का बाई?’

‘नाही साहेब. मी वळलो. लॉट नापास केलाय.’

मग साहेबांनी थंडपणे विचारलं, ‘लॉट पास करायला तिथं तुमच्याशिवाय आणखी कोणाची सही चालते?’

गावंड्यांनी समोर पाहिलं.

‘आमिनाबींची,’ ते म्हणाले. ‘देऊ का फोन?’