पेटीतली बाई

दार उघडणाऱ्या बाईंनी तिच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जादूगार मागून येतायत का?"

"मीच," ती म्हणाली.

तेवढ्यात काठी टेकत तिचा नवरा वर पोचला आणि वाढदिवसाच्या मुलाच्या आईचा चेहरा उजळला. "या सर, या. इथे पंख्याखाली बसा." दोन्ही हातांत सामान घेऊन ती दारातच उभी राहिली. हल्ली दर वेळी असंच व्हायचं, आणि दर वेळी ते तिला नव्यानं झोंबायचं.

एके काळी दोघं मोठ्या रंगमंचावर खेळ करत. काळा कोट घालून तो कांडी फिरवायचा आणि ती पेटीत शिरायची. पेटीतून आरपार तलवारी जायच्या, मग झाकण उघडलं की ती हसत उभी. टाळ्या त्याला. आत गुडघे हनुवटीला लावून, श्वास कोंडून, अंगाचं गाठोडं करून पडलेली असायची ती. पेटीचा खेळ खरा पेटीतली बाई करते, बाहेरचा नुसते हातवारे करतो. पण हे बोलायचं नाही, असा त्या धंद्याचा शिरस्ता.

पुढे मोठे खेळ बंद पडले आणि दोघं वाढदिवसांवर आले. नवऱ्याला पोरांचा कंटाळा. "नाकात शेंबूड आणि तोंडात शंका," असं म्हणायचा. मागच्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ज्या हातात नाणी विरघळून जायची, त्या हाताला चमचा धरवेना. ठरलेले खेळ तर होतेच. तिनं त्याचा कोट उसवून आपल्या मापाचा केला आणि उभी राहिली. बाजूला उभं राहून सगळ्या जादू तिला पाठ झाल्या होत्या.

तो मात्र घरी बसेना. प्रत्येक खेळाला यायचा आणि मागच्या खुर्चीत परीक्षकासारखा बसायचा.

त्या दुपारी तिनं नाणं गायब केलं. "कुठे गेलं?" तिनं पोरांना विचारलं. कोणी खिसा म्हणालं, कोणी टोपी. पुढचे दोन दात पडलेला उत्सवमूर्ती तर डोळे विस्फारून तिच्या हाताकडे बघत होता. आणि मागून नवऱ्याचा जड झालेला आवाज आला, "अंगठ्याच्या मागे आहे. कोपर खाली घे, दिसतंय."

मग काय विचारता. पोरं तिच्या हातावर तुटून पडली. पुढच्या प्रत्येक जादूला एकच गिल्ला, "अंगठा दाखवा." निघताना मुलाची आई नवऱ्याला म्हणाली, "मिसेसना छान तयार केलंत हं, सर."

घरी येऊन कोट खुंटीला अडकवल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला तोंड आवरत नाही का?"

"दिसत होतं म्हणून सांगितलं. फसवायचं तर नीट फसव."

"सहा वर्षांची पोरं होती ती."

"म्हणूनच. मोठी माणसं आपणहून फसतात. पोरं फसत नाहीत."

संध्याकाळी कपाटाच्या आरशासमोर तिनं तीच जादू करून पाहिली. कोपर खरंच वर जात होतं. तो चुकला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचा खेळ एका शाळेत होता. "तुम्ही यायचं नाही," तिनं बजावलं.

"माझ्या नावावर बोलावलंय त्यांनी."

"नाव नेते. तुम्ही घरी बसा."

शाळेच्या सभागृहात दीडशे पोरं जमिनीवर मांडी घालून बसली होती. कोपर खाली घेऊन तिनं नाणं गायब केलं. इतकं सफाईनं तिला आजवर कधी जमलं नव्हतं. पोरांनी रीतसर टाळ्या वाजवल्या आणि चुळबुळ सुरू केली. ते किती अवघड होतं हे ओळखणारा एकच माणूस, आणि त्याला ती घरी बसवून आली होती. ती स्वतःवरच चडफडली.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं सामानाच्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. झाकणावर जुनं चित्र होतं, पेटी, तलवारी, आणि आत एक बाई. "ही तुम्ही आहात?"

"हो."

"मग तुम्ही आत काय करायचात?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ना पत्रकारांनी, ना नातेवाइकांनी, ना घरच्या माणसानं. तिनं ट्रंक रिकामी केली, आत पाय ठेवला आणि, "बघा," म्हणून अंगाची घडी घालायला सुरुवात केली. आधी कंबर वळली, मग एक खांदा, मग गुडघे वर आले. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली. शेवटी तिनं मान आत घेतली आणि पोरं अक्षरशः उठून उभी राहिली. अशा टाळ्या तिनं पेटीच्या आतून पुष्कळदा ऐकल्या होत्या, पण त्या तिच्या नव्हत्या.

मग तिला उठता येईना. पाठ जी धरली ती सुटेचना. मुख्याध्यापिका आणि खेळाचे शिक्षक यांनी दोन्हीकडून धरून तिला उपसून काढलं. पोरांना वाटलं, हाही खेळच. सगळी पुन्हा टाळ्या पिटत राहिली.

टॅक्सीत आडवी होऊन ती घरी आली. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "पेटीची मेख पोरांना दाखवलीस? धंद्याला काळिमा फासलास."

"पेटी हल्ली मागतंय कोण? मलम आणा आधी."

ती पालथी पडली. तो काठी बाजूला ठेवून शेजारी टेकला आणि डाव्या हातानं कसंबसं मलम लावू लागला.

"तिथे नाही. खाली."

बराच वेळ तो चोळत राहिला. मग अडखळत म्हणाला, "मला सांग, आत जाताना डावा खांदा आधी घ्यायचीस की उजवा?"

तिला हसूही आलं आणि संतापही. "शाळेत जाऊन विचारा. दीडशे पोरांना माहीत आहे."

तो मलम लावत राहिला, चुकीच्याच जागी.