किल्लेदाराची वाट

वाटेला वारलेल्या नवऱ्याचं नाव द्यायचं ठरलंय, हे लाँड्रीवाल्या काकूंना त्यांच्या धाकट्या दिराने सांगितलं तेव्हा त्या हॉटेलच्या चादरी पिळत होत्या. त्यांना इतकं हसू आलं की पिळलेली चादर हातातून सुटली आणि अंगणातल्या चिखलात पडली.

“कुठल्या वाटेला?”

“वरच्या तटबंदीच्या. खालच्या दरवाज्यापासून थेट कड्यावरच्या शेवटच्या बुरुजापर्यंत. सगळ्यात लांबची वाट, वहिनी! दादाला शोभेल अशी.” दिराचा गळा भरून आला होता. पायवाट समितीचा अध्यक्ष झाल्यापासून त्याचा गळा जरा जास्तच वेळा भरून येई.

“नाव तरी चढेल ना एवढं?” काकू म्हणाल्या आणि चादर पुन्हा टाकीत घातली.

गाव डोंगराच्या पोटाशी होतं आणि त्याच्या डोक्यावर कुठल्या तरी जुन्या लढायांच्या काळातला कोट. त्या कोटाच्या खालच्या दरवाज्याशी एक दगडी बाक होता, आणि काकूंच्या नवऱ्याने आपला अख्खा जन्म त्या बाकावर काढला. डोक्याला टोपी, हातात काठी, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीची एक काच फुटलेली होती, पण ती डोळ्याला लावायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे कोणाला कळलंही नाही. डोंगर चढायला आलेले लोक त्याच्यापाशी थांबत, वाट विचारत, आणि तो त्यांना वाटेबरोबर राण्या, वेढे, भुयारं असं सगळं बांधून देई. लोक त्याला किल्लेदार म्हणू लागले. एका मासिकात फोटो छापून आला, खाली मजकूर होता, ‘इथल्या दगडान् दगडाशी बोलणारा माणूस’.

दगडाशी तो बोलत असेल, पण एकाच. ज्यावर बसायचा त्या. दुसऱ्या वळणापुढे हा माणूस जन्मात गेला नव्हता. चढाकडे नुसतं पाहिलं तरी त्याला धाप लागे.

वर जायच्या त्या काकू. त्यांच्या गल्लीत ऊन टिकत नसे. मग हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, ओलं गाठोडं पाठीवर मारायचं आणि चढायचं. वरच्या लांब भिंतीवर वारा मोकाट सुटलेला असे. तिथे चादरी पसरून कडेने धोंडे ठेवले की तासा-दोन तासांत खडखडीत. वाळवायचं यंत्र घरात येईपर्यंत कित्येक वर्षं हेच चाललं होतं. गाठोड्याच्या वर पोरगी बसलेली असे, कारण खाली तिला सांभाळणाऱ्याला लोकांना राण्यांच्या गोष्टी सांगायच्या असत.

नव्या पाट्या लागल्या तेव्हा काकू मुद्दाम वर जाऊन पाहून आल्या. वरच्या फाट्यावर पाटी होती, ‘राणीच्या पायऱ्यांकडे’, आणि बाण उजवीकडे. काकू कमरेवर हात ठेवून तिथे उभ्या राहिल्या. राणीच्या पायऱ्या नवऱ्याने एका दुपारी झोप अनावर झाली असताना कोणाला तरी वाटेला लावायचं म्हणून रचल्या होत्या. उजवीकडे होती ती शेळ्यांची वाट, आणि ती ढासळलेल्या घसाऱ्यावर संपत होती. डावीकडची खरी वाट समितीने काटेरी फांद्या टाकून बंद केली होती.

काकू खाली आल्या आणि कोणाला चकार शब्द बोलल्या नाहीत. पडू देत तोंडावर, त्यांनी मनात म्हटलं, सगळ्या गावादेखत पडू देत.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मुलगी आली. ती शहरात दातांची डॉक्टर होती. बॅग खाली ठेवायच्या आधी बापाच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. काकूंना म्हणाली, “आई, तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं की,” काकू म्हणाल्या. “पाय धुऊन घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटाच्या खालच्या दरवाज्याशी फीत कापली गेली. नगराध्यक्ष बोलले, हॉटेलवाला बोलला, दीर बोलता बोलता रडला. मासिकातली बाई सगळ्यांचे फोटो काढत होती. मग मुलगी उभी राहिली.

“मला नीट चालताही येत नव्हतं, तेव्हापासून बाबा मला पाठीवर घेऊन शेवटच्या बुरुजापर्यंत न्यायचे,” ती म्हणाली. “मला अजून आठवतं. पाठ ओली असायची आणि साबणाचा वास यायचा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू खुर्चीत ताठ झाल्या. साबणाचा वास! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्याच्या पाठीला साबणाचा वास!

मग सगळे वाट चालायला निघाले. दीर पुढे, नवे कोरे बूट करकर वाजवत. नगराध्यक्ष पहिल्याच चढाला लालबुंद झाले आणि ‘काय ही हवा’ असं म्हणत दर वळणावर थांबू लागले. हॉटेलवाल्याने डोंगर चढायच्या दोन काठ्या आणल्या होत्या, आणि दोन्ही त्याच्या पायांत येत होत्या. काकू सगळ्यांच्या मागे चालत होत्या. इतकी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती.

फाट्यावर दिराने पाटीकडे हात केला. “ही दादाची लाडकी जागा! राणीच्या पायऱ्या!”

सगळे उजवीकडे वळले. काकू दगडावर टेकल्या आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागल्या. वर पाहिलं तर मुलगी सगळ्यांना मागे टाकून, लहानपणी धावायची तशी, पुढे पळत सुटली होती. हे काही काकूंच्या हिशेबात नव्हतं.

“थांब!” त्या ओरडल्या. “पुढे जाऊ नकोस, वाट नाही तिथे!”

मुलगी थबकली. दीर मात्र मागे वळून हसला. “वहिनी, अहो, दादाने स्वतः सांगितलेली ही—” आणि त्याच्या पायाखालची खडी निघाली. समितीचे अध्यक्ष बसले ते थेट घसरतच गेले आणि एका काटेरी झुडपाला मिठी मारून थांबले. तिघांनी ओढून वर काढलं तेव्हा त्यांची पँट मागून फाटली होती आणि घोटा टम्म सुजला होता.

“दादा तर म्हणायचा…” तो कण्हत म्हणाला.

“तुमचा दादा इथे कधी आलाच नाही,” काकू म्हणाल्या. “बाकावरून उठला असता तर आला असता.”

नगराध्यक्ष आभाळाकडे बघू लागले. मुलगी घसाऱ्याच्या कडेवरून हळूहळू मागे आली.

“तुला माहीत होतं? ही पाटी चुकीची आहे ते?”

“हो.”

“कधीपासून?”

“लागली तेव्हापासून.”

“आणि तू आम्हाला इथवर येऊ दिलंस.”

काकू वाकून नीट बांधलेली नाडी पुन्हा बांधू लागल्या.

बाकीचे दिराला धरून खाली घेऊन गेले. मुलगी गेली नाही. तिने डावीकडच्या काटेरी फांद्या पायाने बाजूला सारल्या आणि चढू लागली. काकू तिच्या मागोमाग गेल्या. लांब भिंतीशी पोचल्यावर दोघी बसल्या. वारा तसाच होता.

“मला इथे तूच आणायचीस ना?” मुलगी म्हणाली.

“नाहीतर काय, उडत आलीस?”

“मला मधूनमधून वाटायचंच. बाबांना साबणाचा वास कुठून येणार?”

“मग आज सगळ्यांपुढे ते काय बरळलीस?” काकूंचा आवाज चढला. “मी गाठोडं वाहायचं, तुला वाहायचं, आणि नाव त्याचं?”

“तू एक शब्द बोलायची नाहीस, आई.” मुलगी तटाच्या दगडावरून हात फिरवत होती. “चढताना नाही, चादरी पसरताना नाही. हे काय आहे विचारलं, तर म्हणायचीस ‘दगड’. ते काय आहे, तर ‘भिंत’. खाली गेलं की बाबा सांगायचे, त्या भिंतीवर कोण उभं होतं, त्याला काय दिसलं. असेल सगळं खोटं. पण मला इथलं जे काही आठवतं ते त्यांच्या आवाजात आठवतं. मी तरी काय करू?”

पाठीवर ओझं असताना बोलायला श्वास कुठला उरतो, असं काकू म्हणणार होत्या. ते खरंही होतं. पण ओझं उतरल्यावरही त्या बोलल्या नव्हत्या. नवऱ्याच्या बडबडीची त्यांना इतकी किळस आली होती की बोलणं हाच बाष्कळपणा वाटू लागला, आणि त्यात या पोरीचे प्रश्नही उकिरड्यावर गेले. त्यांनी हात लांब करून बोट दाखवलं.

“तो बुरुज दिसतो?” शेवटी त्या म्हणाल्या. आवाज घोगरा निघाला. “तो वेढ्यात वगैरे पडला नाही. गावच्याच लोकांनी दगड पळवले गोठे बांधायला. आपल्या मागच्या भिंतीतही आहेत. तुझ्या आजोबांनी आणलेत. तेही चोरच.”

मुलगी हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. “अजून सांग.”

“तिकडे तो कोनाडा आहे ना, तिथे तुझा काका शेळीला घाबरून लपला होता. मिसरूड फुटलं होतं तेव्हा त्याला! मीच हाताला धरून बाहेर काढला.”

काकू सांगत गेल्या. त्यात राणी एकही नव्हती, शूर तर कोणीच नव्हतं. आळशी पहारेकरी होते, पळून आलेली जोडपी होती, आणि गावातल्या निम्म्या प्रतिष्ठितांची अब्रू होती. उतरतानाही त्यांचं तोंड चालू होतं.

घरी आल्यावर त्यांनी दिराची फाटकी पँट मागवून घेतली, धुतली आणि बारीक टाके घालून शिवून दिली. आपण आधी सांगायला हवं होतं, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. समितीचा अध्यक्ष ढुंगण उघडं टाकून फिरला तर घराण्याची लाज जाते, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात समितीने पाटीचा बाण डावीकडे केला. वाटेचं नाव तेच राहिलं. मासिकातही छापून आलं, की किल्लेदारांनी पत्नीला शिकवलेल्या वाटेमुळेच ऐनवेळी पाहुण्यांचे प्राण वाचले. दीर लंगडत लंगडत ते दाखवायला आला. काकूंनी उभ्या उभ्या वाचलं, मासिकाची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या इस्त्रीच्या टेबलाच्या पायाखाली सारली.

“आता बरोबर बसलं,” त्या म्हणाल्या.

रविवारी मुलीचा फोन आला. एरवी दोघींचं बोलणं ‘बरी आहेस ना’ आणि ‘हो’ एवढ्यावर संपायचं.

“आई, त्या पळून आलेल्या जोडप्याचं पुढे काय झालं?”

काकूंनी इस्त्री बंद केली आणि स्टूल ओढून घेतलं.

“काय होणार? मूर्ख होती दोघंही. ऐक.”