चिंधीची दिव्यदृष्टी

त्या सकाळी शिंप्याच्या दुकानात कपडे शिवायला एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, तरी आत मुंगी शिरायला जागा नव्हती. चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत गेला होता. मधोमध, रिकाम्या भिंतीकडे टक लावून शिंप्याची म्हातारी मांजर बसली होती. नाव चिंधी.

"बघा, पापणी लवतेय का?" शेजारी बसलेले त्रिकाळबाबा गरजले. "आपल्याला भिंत दिसते, हिला भिंतीपलीकडचं दिसतं! सूक्ष्म, अतिसूक्ष्म, सूक्ष्मातिसूक्ष्म!"

चिंधी कळवळून ओरडली. गर्दीने पटापट हात जोडले.

शिंप्याच्या बायकोचा, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मामीचा, मात्र जीव तुटत होता. पूर्वी ती काजं करायला बसली की चिंधी तिच्या मांडीवरून हलायची नाही. हल्ली कोपऱ्यात दडून बसायची, हात लावला की दचकून फिस्कारायची, पाण्याची वाटी भरावी तेवढी संपवायची. डोळे मोठे, काळेभोर, चकाकते झाले होते. नवीन मशीन आलं म्हणून मामांनी, म्हणजे शिंप्याने, कापायचं टेबल सरकवलं, तर ही सरळ जाऊन त्याच्या पायावर आपटली.

"आपटली नाही, अदृश्याला मस्तक टेकवलं," असं बाबा म्हणाले आणि ते मामांना पटलं. मामांचं काय, कोणी गोड बोललं की ते उद्याचा कोट आज शिवून देतील. दुपारी बाबा चिंधीला कायमची मठात नेणार होते, आणि मामा 'हो' म्हणून मोकळे झाले होते.

"अहो, माझ्या हातावर वाढलीय ती," मामी कुजबुजली.

"वेडी आहेस का? नशीब काढलं पोरीने!"

एवढ्या माणसांत रडणं मामीला बरं वाटेना.

बाबांनी आता कौल लावला. गर्दीतल्या तिघांच्या हातात एकेक लाल रुमाल दिला; त्यात गल्लीतली पाववालीही होती. ज्याचं मनातलं काम होणार, त्याच्याकडे चिंधी आपण होऊन जाईल! चिंधीने नाक उचललं, मिशा थरथरल्या, आणि ती हळूहळू पावलं टाकत पाववालीच्या पायाशी गेली. पाववालीने आनंदाने किंकाळीच फोडली.

"मामा, माझ्या कोटाचा खिसा झाला का शिवून?" दारातून आवाज आला. गुराढोरांपासून पोपटापर्यंत सगळ्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई चपला ओलांडत आत आल्या. चिंधीचे डोळे बघताच त्या खिसा विसरल्या आणि गुडघ्यावर बसल्या.

कोटाच्या खांद्यांच्या गादीसाठी पिंजून ठेवलेला कापूस तिथेच होता. बाईंनी एक पुंजका चिंधीच्या नाकासमोरून अलगद खाली सोडला. चिंधी ढिम्म. मग रीळ टाकलं. टक्क आवाज झाला आणि चिंधीचे कान गर्रकन वळले. शेवटी बाईंनी डोळ्यांत विजेरी धरली. बाहुल्या तसूभरही आक्रसल्या नाहीत.

"मामी, हिला दिसत नाही हो."

गर्दीचे जोडलेले हात सुटले.

"चर्मचक्षू मिटले की ज्ञानचक्षू उघडतात!" बाबांनी घाईने सांगितलं. "नाहीतर ती रुमालापर्यंत पोहोचली कशी?"

खरंच, कशी? मामीने पाववालीच्या हातातून रुमाल ओढून घेतला आणि सवयीने कडेवरून अंगठा फिरवला. "एवढ्याशा रुमालाला एवढी जाड दुमड? कोणी शिवलाय हा?" कात्रीच्या टोकाने तिने टाके उसवले. आतून करडी पूड भुरभुरली आणि सुक्या मासळीचा भपकारा सुटला. चिंधी मामीच्या पदरावर चढून पूड चाटू लागली. उरलेल्या दोन रुमालांच्या दुमडी रिकाम्या निघाल्या.

"सूक्ष्मातिसूक्ष्म मासळी!" कोणीतरी ओरडलं आणि दुकान हसून लोटपोट झालं. त्या गोंधळात बाबा दुसऱ्याच कोणाच्यातरी चपला घालून पसार झाले.

"पण ती घरात बिनचूक फिरायची हो," मामा ओशाळून म्हणाले.

"पाठ होतं तिला घर. तुम्ही टेबल हलवलंत आणि बिंग फुटलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हातारपणी मांजरांचाही रक्तदाब वाढतो. त्याने डोळ्याच्या आतला पडदा सुटतो, बाहुली मोठीच राहते. दिसेनासं झालं की जनावर घाबरतं, दडतं, ओरडतं. पाणी फार पिते म्हणजे मूत्रपिंडंही तपासायला हवीत. मामा, सुई ओवता येईना तेव्हा तुम्ही चष्मा लावलात. मग मांजरीला भिंत दिसेना, तर ती दिव्यदृष्टी कशी?"

मामीला आता मात्र राहवलं नाही. "दिसेल का हो हिला पुन्हा?" ती रडत रडत म्हणाली.

"खोटं नाही सांगत. उशीर झालाय. पण गोळ्या आजच सुरू करू. थोडं परत येईलही. नाही आलं तरी जपलंत तर सुखाने राहील."

दृष्टी आली, ती एकाच डोळ्याची आणि तीही उजेड-सावली कळण्यापुरती. टेबल जुन्या जागी गेलं, पाण्याची वाटी मामीने कधी हलवली नाही, आणि चिंधीला उचलायच्या आधी हाक मारायची सगळ्यांना सवय लागली. चिंधी परत मांडीवर येऊन घुरघुरू लागली.

पुढे एकदा पाववाली धापा टाकत आली. "मामी, आमचा कुत्रा साधू झाला गं! खात नाही, भुंकत नाही, नुसता समाधी लावून बसतो. कोणाला दाखवू?"

मामीने हातातली सुई खाली ठेवली. "बाई गं, मुकं जनावर वेगळं वागायला लागलं की ते चमत्कार दाखवत नसतं, दुखणं सांगत असतं. हात जोडायचे नंतर जोड. आधी त्याला उचल आणि डॉक्टरकडे पळ."