बुजवलेली खिडकी

१. दोन जुनी इंजिनं घ्यावीत

एक धड, एक मोडकं. दोन्ही एकाच साच्यातली, पोरांनी खेळून खेळून कडा झिजवलेली डिझेल इंजिनं. धाकट्याने ती उजेडाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मोडक्याची केबिन बारीक करवतीने कापून काढली.

धाकटा साठीच्या पुढचा होता, पण थोरला भाऊ घरात असल्यावर धाकटेपण कुठे सुटतंय! जन्मभर त्याने चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. दुकान सुटलं तेव्हा हात गप्प बसेनात, म्हणून इंजिनं करायला लागला. बाजारातली साधी मॉडेलं घ्यायची, कापायची, जोडायची आणि त्यांतून असं इंजिन उभं करायचं जे कारखान्यातून तसं कधी बाहेर पडलंच नव्हतं. धडकेनंतर भलतंच नाक लावलेलं. दार मिळेना म्हणून दुसऱ्या जातीचं दार बसवलेलं. रेल्वेच्या दुरुस्ती शेडमधल्या लोकांनी हाताला लागेल ते लावून चालू ठेवलेलं. तो अशांचे फोटो जमवायचा, आणि त्याचा एकच नेम होता: फोटोत किंवा आराखड्यात नाही ते करायचं नाही. एक रिव्हेटही मनाने लावायचा नाही.

"माझं कर," असं दादा एक दिवस जेवता जेवता म्हणाला होता.

वाढता वाढता वहिनींचा हात थांबला. रेल्वेच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यापासून दादाने इंजिन हा शब्द तोंडातून काढला नव्हता. रुळांकडे उघडणारी पुढची खोली त्याने धाकट्याला देऊन टाकली होती आणि स्वतःचा पलंग मागच्या, बिनखिडकीच्या खोलीत हलवला होता.

"माझं म्हणजे बुजवलेल्या खिडकीचं. डोळे आहेत तोवर."

डोळे फार दिवस नव्हते. उजवा गेल्यातच जमा होता. डाव्यात मधोमध काळा डाग धरला होता आणि त्याच्या कडेकडेने जे दिसेल तेवढंच दादाचं जग होतं.

२. केबिन जोडावी

सांधा घासताना पांढरा भुसा उडतो. तो वहिनींच्या भांड्यांवर बसतो.

"भाऊजी, घर आहे का सुतारशाळा?"

"इंजिन आहे, वहिनी."

"तेच म्हणते मी. एक इंजिन चालवलं आणि माणसाच्या तोंडाला कुलूप लागलं. आता दुसरं घरात आणा."

३. खिडकी भरावी

फोटो एकच होता, डाव्या बाजूचा. त्या बाजूला ड्रायव्हरचा सहायक बसतो. त्याच्या खिडकीच्या जागी सपाट पत्रा दिसत होता. धाकट्याने प्लॅस्टिकचा तुकडा मापात कापून भोकात बसवला, फटीत पुट्टी दाबली, वाळवली, घासली, रंगाचा पहिला हात दिला. नख फिरवून पाहिलं. कुठेच अडकलं नाही.

तो ते मागच्या खोलीत घेऊन गेला. दादाने डोळ्यांपाशी न नेता त्यावरून अंगठा फिरवला.

"उघडी आहे."

"कशी उघडी असेल? भरली आहे."

"उजेडात धर आणि बघ."

टेबलाशी येऊन त्याने इंजिन तिरपं धरलं. रंगाखाली खिडकीची चौकट उमटली होती, पातळ, केसासारखी. त्यात नवल नव्हतं. पुट्टी वाळते तशी खचते. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

३. खिडकी भरावी

या वेळी पातळ थर दिले. प्रत्येक थराला पुरेसा वेळ दिला. स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, "झालं का तुमचं लेकरू?" तो म्हणाला, "झालं."

सकाळी चौकट परत आली होती. आणि खालच्या कोपऱ्यात एक गोल खळगा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. पुट्टी अशी कोपऱ्यात गोल खचत नाही. कोणीतरी आतून बोटाने ओढून धरलं असावं तसा तो होता.

धाकट्याने तो भरला. भरताना उगीचच केबिनच्या आत डोकावून पाहिलं.

३. खिडकी भरावी

पुट्टी बदलली. दुकानदार म्हणाला, "ही खचली तर दुकान बंद करीन." चौथ्या दिवशी खचली. दुकान अजून चालू आहे.

आता मात्र धाकटा इरेला पेटला. तो डबा उघडतच होता, तेवढ्यात दादा भिंत चाचपत पुढच्या खोलीच्या दारापर्यंत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत मात्र आला नाही.

"भरू नकोस रे. भरली नव्हतीच ती. पत्रा बाहेरून मारला होता. आत काच तशीच होती."

"फोटोत काच दिसत नाही, दादा."

"फोटो बाहेरून काढतात."

वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. दादाने दाराची चौकट धरली आणि बोलत सुटला, मध्ये थांबला तर पुन्हा जमणार नाही अशा घाईने.

"रुळाकडेला एक जण उभा होता. हात वर करून. बस थांबवतात ना, तसा. माझा सहायक तेव्हा शिट्ट्या होता. सदा गाणी शिट्टीवर वाजवायचा, म्हणून शिट्ट्या. त्याच्या बाजूला घडलं सगळं. मी हॉर्न ओढला, ब्रेक मारला, पण इंजिन काय सायकल आहे? उडालाच तो. शिट्ट्या नंतर म्हणाला, त्या माणसाचं तोंड माझ्या काचेपाशी आलं होतं. हसत होता म्हणाला. मला विचारलं, तुला दिसला का? मला नाही दिसला. मी पलीकडे होतो. मला काहीच दिसलं नाही."

"अहो, बसा तरी," वहिनी म्हणाल्या.

"शिट्ट्या त्या खिडकीशी बसेना. त्याच्या जागी आलेलेही बसेनात. शेवटी शेडवाल्यांनी वैतागून पत्रा ठोकला. पत्रा लागला आणि काचेचा आरसा झाला. भर दिवसासुद्धा. त्यात एक जण असायचा, माझ्याकडे बघत. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा. मी मनाला म्हणायचो, अरे, तूच तो. तुझंच तोंड. पण मान वळवून नीट बघायचा धीर एकदाही झाला नाही. शिट्ट्या बदली घेऊन गेला. हा राहिला."

तो धाप लागल्यासारखा थांबला.

"आता माझ्या डोळ्याला कोपराच तेवढा उरलाय. नजर गेली की तो आतच राहणार, आणि कोण ते कळायचं नाही. तू काचेच्या कामातला माणूस आहेस. नीट बनव आणि बघून सांग. माझ्या जागेवरून त्या काचेत मी दिसतो का?"

४. काच बसवावी

भरलेलं सगळं त्याने कोरून काढलं. काचेसाठी दादाचा निकामी झालेला चष्मा घेतला, भिंगाचा तुकडा कापून सपाट घासला, नखापेक्षा लहान, आणि चौकटीत बसवला. बाहेरून पातळ पत्रा चिकटवला. तो सपाट बसला, हट्ट न करता.

मग आराखडा उघडला आणि मापाप्रमाणे ड्रायव्हरची सीट लावली. सीटवर निळ्या टोपीचा इवलासा ड्रायव्हर बसवला. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीतून पाहिलं. काचेत निळं काही नव्हतं. ड्रायव्हर उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या डोक्याच्या जागेच्या रेषेत स्वतःचा डोळा आणला.

हिशेब साधा होता. आरशात स्वतःला बघायचं तर आरसा बरोबर समोर हवा. ही खिडकी सीटच्या समोर नव्हती, जराशी पुढे होती. तिथून ड्रायव्हरला स्वतःचं तोंड दिसणं शक्यच नव्हतं. दिसली तर केबिनची पुढची, मोकळी जागा दिसली असती, जिथे कोणी बसत नाही.

त्याने पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. म्हणजे त्याने तरी तिथे कोणी बसवलं नव्हतं.

त्याने काच पुसली. पुन्हा डोळा लावला. मग इंजिन खाली ठेवलं आणि हात पँटला पुसले.

"काय झालं, भाऊजी? तोंड का उतरलं?"

"उजेड कमी पडतोय."

"भर दुपारी?"

५. सीट लावावी

आराखड्यात जिथे आहे तिथून त्याने ती सोडवली. धारदार पात्याने पुढे सरकवली, कागदाच्या जाडीइतकी, मग अजून थोडी. डिंकाचा थेंब टाकला आणि ड्रायव्हर परत बसवला.

काचेत निळी टोपी आली.

दादा पलंगावर ताठ बसून होता. धाकट्याने इंजिन त्याच्या हातात दिलं आणि बारीक टॉर्च धरला. दादाने भिंग लावलं. डोळ्यातला डाग चुकवायला मान वाकडी केली, अजून वाकडी केली. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"निळं आहे काहीतरी."

"हं."

"टोपी. माझी टोपी."

"तुझीच, दादा."

"सीट बरोबर आहे ना? आराखड्यात आहे तिथेच?"

वहिनींनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने टॉर्चकडे पाहिलं.

"मी कधी मनाचं लावलंय का?"

दादा हसला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "गाढवा," तो म्हणाला. हे धाकट्याला होतं की स्वतःला, कोण जाणे. "एवढी वर्षं स्वतःच्याच थोबाडाला घाबरलो! ऐकलंस का गं?"

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "मी तर लग्नाच्या दिवशीच घाबरले होते."

त्याने इंजिन परत केलं. "ठेव तुझ्याकडे. मला नको आता." आणि काठी शोधत तो पुढच्या खोलीकडे निघाला.

६. फळीवर ठेवावं

आता दादाची नजर पूर्ण गेली आहे. तो रुळांकडच्या खिडकीत बसतो, हॉर्नवरून गाड्या ओळखतो, उशिरा आलेल्या ड्रायव्हरांना शिव्या देतो. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे घोरतोही पूर्वीसारखा.

इंजिन फळीवर आहे. पत्र्याची बाजू बाहेर आणि ड्रायव्हरची खिडकी भिंतीकडे, कोणाला आत डोकावता येऊ नये म्हणून. पत्रा पुट्टीसारखा खचत नाही. धाकटा रोज सकाळी त्यावरून नख फिरवतो. खालच्या कोपऱ्याशी आल्यावर नख जरा थांबतं.

टेबल, करवत, डबे, सगळं त्याने मागच्या खोलीत नेलं.

"अहो भाऊजी, कामाला उजेड लागतो ना तुम्हाला?" वहिनींनी विचारलं. "त्या कोंदट खोलीत काय दिसणार?"

"तिथेच बरं आहे, वहिनी," तो म्हणाला. "पुढच्या खोलीत काचा फार आहेत."