दुपारी दीडची गोळी

कोर्टाची तपासनीस बाई अकराला येणार होती, ती आली पावणेबाराला. तोवर इदालिना बोर्बा वृद्धाश्रमाच्या त्या प्लास्टिकच्या फुलांच्या खोलीत बसून होती आणि समोर तिचे पपा बसले होते. बसले होते म्हणायचं आपलं. मान छातीवर, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीखाली टॉवेल. तिनं तीनदा "पपा" म्हणून हाक मारली, मग सोडून दिलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून चारशे पोरांचं रांधून आलेली. तिच्याच्यानं चौथी हाक निघेना.

एके काळी या बेल्मीरो तोश्तच्या गोठ्यात तीनशे गाई होत्या. एकोणिसाव्या वर्षी तो अझोरच्या पोर्तुगीज बेटावरून समुद्र ओलांडून आला, आधी दुसऱ्यांच्या गाईंची धार काढली, मग स्वतःच्या. पन्नास वर्षं, रोज दोनदा, पहाटे दोनला आणि दुपारी दोनला. बायकोला मूठमाती दिली त्या दिवशीसुद्धा दुपारची धार चुकली नाही. आमच्या तुलारेच्या बाजूला असली माणसं पैशाला पासरी होती, आता शोधावी लागतात. मग डोकं गेलं. शेगडी पेटती राहिली, एकदा तर ट्रक कालव्यात घातला. मुलगा उरल्यासुरल्या गाई घेऊन आयडाहोला गेला आणि तिथून दर रविवारी फोनवर सल्ले देऊ लागला. सल्ला द्यायला काय जातं! कोर्टानं पालक म्हणून नेमलं ते इदालिनाला.

पण पालक झाली म्हणून सगळंच तिच्या हाती नव्हतं. कपडालत्ता, जेवणखाण, राहायची जागा, ते ती ठरवी. डोकं बधिर करणाऱ्या गोळ्या मात्र कोर्टाला विचारल्याशिवाय देता येत नसत. त्यासाठी डॉक्टरनं लिहून द्यायचं, न्यायाधीशांनी सही करायची, आणि मधूनमधून कोर्टाचं माणूस येऊन बघायचं की म्हातारा कसा आहे. कायदा चांगलाच आहे. कायद्याला दिसलं तर.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेचा, ट्रिशाचा, फोन आला होता.

"मिसेस बोर्बा, कसं सांगू कळत नाही. तुमचे वडील ना... आमच्या कामावरच्या मुलींच्या अंगाला हात लावतात. कंबरेखाली."

इदालिनाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पुढचं तिनं ऐकूनच घेतलं नाही. "बास, बास! सही कुठं करायची तेवढं सांगा."

डॉक्टरांना तिनं काकुळतीला येऊन विनवलं, "कागदावर तेवढं लिहू नका हो. आमची माणसं मोजकी, सगळे एका चर्चचे." डॉक्टर भला माणूस, घाईतला. त्यानं लिहिलं, 'चिडचिड, आरडाओरडा.' न्यायाधीशांनी ते वाचलं आणि परवानगी दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुपारी दीडला अर्धी गोळी सुरू झाली, मग एक, मग दोन. फोन यायचे थांबले, आणि हळूहळू पपाही थांबले.

तपासनीस बाईचं नाव हास. चाकांची बॅग ओढत, गुडघे धरत ती आली. "माफ करा हं. सबंध रस्ताभर दुधाचे टँकर." मग तिनं बेल्मीरोसमोर वाकून त्याचं नाव घेतलं, थांबली, पुन्हा घेतलं. त्याची एक पापणी हलली. तिनं काहीतरी लिहिलं.

"गोळी कशासाठी?"

"चिडचिडीसाठी."

"कशावर चिडायचे?"

"डोकं गेलेल्या माणसाला कारण लागतं का?"

"ओरडायचे?"

"लिहिलंय ना त्यात."

हासनं चष्मा काढला. "मिसेस बोर्बा, बावीस वर्षं हे काम करतेय मी. गुडघे गेले, डोळे शाबूत आहेत. इथल्या रोजच्या वहीत ओरडल्याची एक नोंद नाही. मग दोन-दोन गोळ्या कशाच्या?"

इदालिना इतकी दमली होती की खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "हात लावायचे. बायकांना. झालं समाधान?"

"कसा लावायचे?"

"कसा म्हणजे? शी! मी काय बघायला गेले होते?"

"मग कुणी बघितलंय?"

मारीविकनं बघितलं होतं. फिलिपिनो बाई, इथली सगळ्यात जुनी सेविका. पहिला हात तिलाच लागला होता. हासनं बोलावल्यावर ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, हे तसलं नाही. तसले म्हातारे मला चांगले ठाऊक आहेत. सात नंबरच्या खोलीत एक आहे, त्याला कुणी गोळी देत नाही! पण आमचं कोण ऐकतंय?" तिनं हासला दंडाला धरून आडवं, कूस आपल्याकडे करून, उभं केलं. "मागून नाही, बाजूनं यायचे. असा सपाट तळवा, कंबरेच्या हाडावर. बोटं नाहीत. आणि रेटायचे, मी सरकेपर्यंत. तोंडानं 'शेगा, शेगा'. मी सरकले की लगेच खाली बसायला जायचे. खाली काही नसायचं, मग तोल जायचा बिचाऱ्यांचा."

"केव्हा?"

"दुपारी दोनच्या सुमाराला. न्हाणीघरात. तिथं जागा अरुंद आहे ना."

इदालिना उठून उभी राहिली आणि परत बसली.

जुना गोठा. खेटून उभ्या असलेल्या दोन गाई. मधे शिरायचं तर आधी कंबरेच्या हाडावर तळवा ठेवायचा, अंगाचा भार द्यायचा, 'शेगा' म्हणायचं, म्हणजे सरक गं. गाय एक पाऊल देते. मग स्टूल टेकायचं, कपाळ तिच्या कुशीला लावायचं आणि धार काढायची. न सांगता हात लावला तर गाय लाथ मारते. "आधी हात, मग माणूस," पपा म्हणायचे. सहा वर्षांच्या इदालिनाचा तळवा त्यांनीच धरून गाईच्या हाडावर ठेवला होता. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! त्या मंगळवारी फोनवर आणखी एक वाक्य तिनं ऐकून घेतलं असतं, तर फोन ठेवायच्या आत तिला कळलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरही नव्हता.

ती हसली. मग जी रडायला लागली ती थांबेचना. "माझ्या अब्रूपायी," ती म्हणाली, "माझ्या मेलीच्या अब्रूपायी मी त्यांना असं करून ठेवलं."

हासनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मी अहवालात लिहीन. पण आधीच्या कागदात खरं का नव्हतं, हे न्यायाधीश तुम्हालाच विचारणार. गुरुवारी. सगळ्यांसमोर."

निघताना ट्रिशानं गाठलंच. बाई वाईट नव्हती, तिलाही वरून कुणीतरी दामटत होतं. "मिसेस बोर्बा, गोळी बंद झाली आणि पुन्हा हात लागला, तर मला नोंद करावी लागेल. नोंदी वाढल्या तर तीस दिवसांत खोली सोडायची नोटीस. नियम आहे." दुसरा परवडणारा आश्रम दोन तासांवर होता. तिकडे ती रोज कशी जाणार होती?

गुरुवारी कोर्टात इदालिना बाकावर टेकली, मागं वळली आणि झटकन पुढं फिरली. मागच्या रांगेत दोना एर्मेलिंदा! चर्चच्या सणात पाचशे माणसांचं सूप जिच्या हुकमावर शिजतं ती. बहिणीच्या कसल्याशा कामासाठी आली होती. एर्मेलिंदाच्या कानावर गुरुवारी पडलेलं रविवारी चर्चमध्ये मिस्सा होईपर्यंत बेटावर पोचतं. इदालिनाला वाटलं, तारीख मागून घ्यावी. एका महिन्यानं काय बिघडणार आहे? मग हनुवटीखालचा टॉवेल आठवला. महिन्याच्या साठ गोळ्या.

नाव पुकारल्यावर ती उभी राहिली. न्यायाधीश बाई तरुण होत्या, सर्दीनं बेजार.

"डॉक्टरांना खरं लिहू नका असं मीच सांगितलं होतं," इदालिना म्हणाली.

"काय लिहू नका?"

"माझे वडील बायकांच्या कंबरेला हात लावतात, हे."

मागं बाक करकरलं. इदालिनानं ऐकलं आणि तशीच पुढं बोलत राहिली. गोठा, गाई, दुपारचे दोन. न्यायाधीश बाईंच्या कपाळावर आठ्या. जन्मात कधी गोठ्यात पाऊल टाकलेलं नसावं.

"मला नीटसं कळलं नाही," त्या म्हणाल्या. "दाखवता का?"

हास गुडघ्यांना शिव्या घालत उठली आणि आडवी उभी राहिली. भर कोर्टात इदालिनानं तिच्या कंबरेच्या हाडावर सपाट तळवा ठेवला, भार दिला आणि म्हणाली, "शेगा." हास आपसूक एक पाऊल सरकली.

"अहो, गाय सरकवतोय तो!" मागून एर्मेलिंदा कडाडली. "यात कसली आलीय लाज? माझा नवरा चाळीस वर्षं पलंगावर मला असाच सरकवत आला!"

अख्खं कोर्ट हसलं. "मागच्या बाई, शांत बसा," न्यायाधीश म्हणाल्या. पण त्यांनीही रुमाल तोंडाला लावला, आणि तो काही सर्दीसाठी नव्हता. मग त्या गंभीर झाल्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी टप्प्याटप्प्यानं कमी करायची आणि ती बंद झाली की परवानगीही संपली, असा हुकूम दिला. "मिसेस बोर्बा, इथं बसून मला कागदावर असतं तेवढंच दिसतं. तुम्ही त्यातलं खरं तेच हाताखाली झाकलंत."

"हो," इदालिना म्हणाली.

दोनाची एक झाली, एकाची अर्धी, मग काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात मान उचलली. पाचव्या आठवड्यात टॉवेल गेला, आणि एकदा सूप पिता पिता पपांनी तिच्या आईचं नाव घेतलं. पायांत बळ मात्र आलंच नाही. दोन वर्षं न वापरलेले पाय, पपा आता चाकांच्या खुर्चीवरच राहणार, डॉक्टर म्हणाले. आणि हात मांडीवर पडून राहिले.

शाळेतून सुटी मिळेल तेव्हा इदालिना दुपारी दोनला त्यांच्या खुर्चीशी आडवी उभी राही, त्यांच्या हाताला लागेल अशी कंबर करून. खिडकीबाहेर बघे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही होत नसे.

"किती शांत झालेत!" ट्रिशा म्हणायची. "एकही तक्रार नाही."

जिनं दोन वर्षं तक्रारीच्या फोनला भिऊन काढली, ती आता देवाकडे एक तक्रार मागत होती.

एका मंगळवारी ती शाळेच्या मोरीत मोठाली पातेली घासत होती. फोन वाजला.

"मिसेस बोर्बा," ट्रिशा म्हणाली, "कसं सांगू कळत नाही..."

इदालिनानं नळ बंद केला. "सगळं सांगा. अगदी पहिल्यापासून."

"ती नवी मुलगी आहे ना, ती त्यांच्या खुर्चीशेजारी चादर बदलत होती, आणि त्यांनी..."

"तळवा की बोटं?"

"तळवा, असं म्हणाली."

"हाडावर?"

"हो. आणि तेच ते काहीतरी पुटपुटले."

दुधाचा रिकामा क्रेट तिथंच पडला होता, त्यावर ती मटकन बसली. ओल्या हातानं तिनं डोळे पुसले, साबण डोळ्यांत गेला.

"मिसेस बोर्बा? ऐकताय ना? ती पोर घाबरलीय. काय सांगू तिला?"

"एक पाऊल सरक म्हणावं. आमच्या गाई तेवढंच करायच्या."

"पण मला हे लिहावं लागेल हो. नोंद..."

"लिहा," इदालिना म्हणाली. "तळवा लिहा, हाड लिहा, किती वाजले होते ते लिहा. जसं झालं तसं लिहा. एक अक्षर गाळू नका."